पाच-पाचला चहा

अंक ४.१८, शंका ०.५२

हेमांगी देवरुखकर झोपेत होती तेव्हा तिचा टेनिसचा अंक तीन शतांशांनी वाढला.

सकाळी दात घासता घासता तिने फोन पाहिला. काल ४.१५ होता, आज ४.१८. गेल्या आठवड्यात ती स्टोअरच्या भिंतीशी खेळली होती, बस. भिंतीला अंक नसतो, त्यामुळे भिंतीशी खेळून काही वाढत नाही की कमी होत नाही.

"म्हणजे डॉक्टर काल जिंकले," ती आरशातल्या बाईला म्हणाली. तोंडात फेस होता म्हणून आरशातल्या बाईलाही ते नीट कळलं नसावं.

तीन शतांश म्हणजे समोरचा माणूस चांगला तगडा असणार. तिने चूळ भरली. मग चहाला आधण ठेवलं, एका कपाचं, आणि चहा होईपर्यंत काहीतरी गुणगुणत राहिली. घाटाखालच्या जगातून त्या दिवशी तिच्यापर्यंत आलेली ही एकच बातमी होती.

अंक नाही

डोंगर पोखरून आत वीजघर बांधलेलं होतं. वरच्या धरणाचं पाणी त्याच्या पोटात पडायचं आणि वीज बाहेर यायची. बाहेर उतारावर कॉलनी. एके काळी तिथे शाळा भरायची, क्लबात हाउजी चालायची, टेनिस कोर्टावर नंबर लावावा लागायचा. आता वीजघर लांबच्या एका शहरातल्या पडद्यावरून चालत होतं. मात्र नियमाप्रमाणे एक माणूस जागेवर लागायचा. बाकी सगळं बंद पडलं तर पाण्याची झडप हाताने बंद करायला. तो माणूस म्हणजे हेमांगी. एकटी, लग्न न केलेली, पन्नाशी ओलांडलेली.

आणि जागेवर माणूस आहे म्हणून दवाखाना, हाही नियमच. दवाखान्यात डॉ. इक्बाल मुकादम.

"तुम्ही म्हणजे माझी नोकरी आहात," डॉक्टर म्हणायचे. "शिंका काढत जा अधूनमधून. वरच्यांना बरं वाटतं."

कोर्ट त्यांनी दोघांनीच जिवंत ठेवलं होतं. जांभ्याची माती चाळायची, शेणकाल्याने सारवायचं, वाळलं की दोघांनी मिळून रोलर ओढायचा, मग फक्कीच्या रेघा. डॉक्टरांच्या रेघा वाकड्या यायच्या. हेमांगी इंजिनिअर असल्याने दोरी लावायची.

ते पहिल्यांदा खेळले त्या दिवशी पाच-पाच झाले आणि वीजघरातल्या फेरीचा भोंगा वाजला. हेमांगीला जावं लागलं. जाण्याआधी डॉक्टरांनी थर्मासमधला चहा ओतला, दोघांनी तो उभ्यानेच प्यायला. पुढच्या वेळी पुन्हा पाच-पाच झाले. भोंगा वाजला नाही, तरी डॉक्टरांनी थर्मास उघडला. तेव्हापासून तो नियम. पाच-पाच झाले की थांबायचं. सहावा गेम कोणी घ्यायचा नाही. चहा घ्यायचा.

मग एकदा डॉक्टर पुण्याहून, मुलीच्या घरून, एक खोकं घेऊन आले. आत दोन चकत्या होत्या, रॅकेटच्या मुठीत बसवायच्या. आणि नेटच्या खांबावर लावायचा एक काचेचा डोळा.

"हे काय?"

"अंक. पुण्यात सगळ्यांना असतो. आपण कितीचे खेळाडू ते कळतं. एक म्हणजे नवशिका, सोळा म्हणजे टीव्हीवरचा."

"कळून काय करायचंय?"

"ब्लड प्रेशर कळून काय करता? तसंच. उगाच काळजी."

खांबावरच्या डोळ्याखाली एक बारीक दिवा होता. पुण्यात लोक अंक कमी दिसावा म्हणून मुद्दाम हरत असत, सोपे प्रतिस्पर्धी मिळावेत म्हणून. त्यावर हा उपाय. मुठीतली चकती पकडीचा जोर ओळखायची, डोळा अंगाची हालचाल टिपायचा, आणि माणूस नेहमीच्या मानाने ढिला खेळला की दिवा पिवळा व्हायचा.

पहिल्याच दिवशी डॉक्टर पाच-चारने पुढे होते. त्यांनी लागोपाठ दोनदा सर्व्हिस नेटमध्ये घातली. दिवा पिवळा झाला.

"बिघडलेला दिसतोय," डॉक्टर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी हेमांगी पाच-चारने पुढे होती. तिचा सोपा फटका बाहेर गेला. दिवा पिवळा.

"बिघडलाच आहे," ती म्हणाली.

डॉक्टर दवाखान्यात गेले, जखमेला लावायची चिकटपट्टी घेऊन आले आणि दिव्यावर आडवी-उभी डकवली. त्या विषयावर दोघं पुन्हा बोलले नाहीत.

त्या हिवाळ्यात ते पुष्कळ खेळले. फोनवर मात्र एकच वाक्य येत राहिलं : *अंक देता येत नाही. तुम्ही बेट आहात.*

बेट म्हणजे काय

हेमांगीने डॉक्टरांना ते जमिनीच्या मोजणीवरून समजावलं.

समजा डोंगरावर दोन दगड आहेत. दुर्बीण लावली तर कोणता दगड किती वर ते कळतं. पण फक्त एकमेकांच्या मानाने. दोन्ही समुद्रापासून किती उंच, ते कितीही वेळा पाहिलं तरी कळत नाही. त्यासाठी मोजत मोजत खाली जावं लागतं, जिची उंची आधीच ठाऊक आहे अशा एखाद्या खुणेपर्यंत.

टेनिसचंही तेच. अंक माणसाच्या आत नसतो. मॅच झाली की यंत्राला दोन माणसांतला फरक कळतो, एवढंच. हा फरक म्हणजे धागा. हजारो माणसं हजारो धाग्यांनी बांधलेली असली की सगळ्यांची उंची एकदम काढता येते. जी दोन माणसं फक्त एकमेकांशीच खेळतात, ती बाकीच्या जाळ्यापासून सुटी. तेच बेट.

आणखी दोन गोष्टी. धागा जुना होत जातो तसा यंत्राचा त्यावरचा विश्वास कमी होतो. तो कमी झालेला विश्वास म्हणजे शंका, ती अंकाच्या शेजारी लिहिलेली असते. दोन वर्षं झाली की धागा गळून पडतो.

आणि अर्धवट राहिलेली मॅच धरत नाहीत. पाच-पाच म्हणजे यंत्राच्या लेखी काही घडलंच नाही.

"म्हणजे आपण इतके दिवस इथे काय करत होतो?" डॉक्टरांनी विचारलं.

"चहा पीत होतो."

अंक अजून नाही

दवाखान्याच्या जागी कपाट आलं. हात घातला की रक्त तपासणारं, पडद्यावरच्या डॉक्टरशी बोलू देणारं.

मुकादमांनी ते कोर्टावर सांगितलं, दोन-दोन असताना, चेंडू गोळा करता करता.

"पुढच्या महिन्यात जातोय. रुबिनाकडे. पुण्याला."

"बरं," हेमांगी म्हणाली.

त्यानंतर तिने एकही गेम दिला नाही. सहा-दोन. शेवटचा फटका तिने इतका जोरात मारला की चेंडू जाळीवरून किंजळाच्या झाडांत गेला, आणि तो शोधायला कोणी गेलं नाही. त्या दिवशी थर्मास उघडला गेला नाही.

त्यानंतर ते आणखी काही वेळा खेळले, नेहमीसारखे, पाच-पाच, चहा. पण पूर्ण झालेली मॅच ती एकच. यंत्राच्या दृष्टीने डॉक्टर मुकादम आणि हेमांगी देवरुखकर आयुष्यात एकदाच खेळले. ती रागावली होती त्या दिवशी.

अंक ३.९६, शंका ०.४१

डॉक्टर पुण्यात पहिली मॅच खेळले आणि घाटावर हेमांगीचा फोन वाजला. *अभिनंदन. आता तुम्ही बेट नाही.*

ती वीजघरात होती. तिला आधी काही कळेना. मग कळलं, आणि ती तिथल्या लोखंडी खुर्चीत बसली.

डॉक्टर खुणेपर्यंत पोचले होते. त्यांची उंची कळली म्हणून तिचीही कळली होती. आणि त्या दिवशी तिने त्यांना सहा-दोन हरवल्यामुळे यंत्राने तिला त्यांच्यापेक्षा वर ठेवलं होतं.

फोनवर, पहिल्या वर्षी

"कसं आहे पुणं?"

"छान. रोज नवा माणूस. यंत्र शोधून देतं, अगदी बरोबरीचा. जिंकायची शक्यता अर्धी, हरायची अर्धी. कोर्ट मिळतं तेच मुळी अशा जोडीला."

"आणि दोन दोस्तांना खेळायचं असेल तर?"

"अंक जुळले तर. इथे एक नवरा-बायको आहेत, भिडे म्हणून. तो चारचा, ती साडेचारची. वेगवेगळ्या वेळी येतात. फाटकात भेटतात."

"काय बोलता तुम्ही त्या नव्या माणसांशी?"

"'तुमची सर्व्हिस.' 'माझी सर्व्हिस.' 'थँक्यू.'"

"चहा?"

"इथे नळाला गार पाणी येतं."





"माकडं आलीत कोर्टावर. ठेवते."

दुरुस्ती

सुरुवातीला ४.१८ असा आकडा दिला आहे. तो आता ४.२३ असा वाचावा.

यंत्र असंच करतं. डॉक्टरांनी आज कोणाला हरवलं, की ते डॉक्टरांचा आजचा अंक वाढवतंच, शिवाय मागे जाऊन सगळं नव्याने मांडतं. डॉक्टर इतके चांगले खेळतात, म्हणजे घाटावर खेळले तेव्हाही आपण समजलो त्यापेक्षा चांगलेच असणार. मग त्यांना हरवणारी ती घाटावरची बाई, तीही समजलो त्याहून चांगली. आज जे घडतं त्याने कालचं बदलतं.

हेमांगीला यात काही विचित्र वाटलं नाही. डॉक्टर गेल्यानंतर तिचाही कालचा दिवस असाच बदलत राहिला होता. किंजळात गेलेला तो चेंडू आधी नुसता चेंडू होता.

ती अंक वाचायला शिकली. एक शतांश वर म्हणजे साधा विजय. तीन म्हणजे मोठा. अगदी किंचित खाली म्हणजे अटीतटीला हरले. शनिवारी-रविवारी अंक दोनदा हलायचा, म्हणजे डॉक्टर दोन्ही दिवस खेळले, म्हणजे गुडघा बरा आहे. एकदा सबंध आठवडा वर, वर, वर. त्या आठवड्यात ती वीजघरातल्या रिकाम्या बोगद्यातून चालताना हात मागे बांधून चालली, तिचे वडील तिचा निकाल लागल्यावर चालायचे तसं.

फोन करायची गरज हळूहळू उरली नाही. कसे आहात, ते रोज सकाळी दात घासतानाच कळत होतं.

अधूनमधून यंत्र सुचवायचं : *तुमच्या जवळचे बरोबरीचे खेळाडू कऱ्हाडला आहेत. एक मॅच खेळा, शंका कमी करा.* कऱ्हाड फार लांब नव्हतं. पण तिने हिशेब मांडून पाहिला होता. आज तिचा अंक एकाच धाग्याला लोंबकळत होता, म्हणून त्या धाग्याच्या दुसऱ्या टोकाला झालेली प्रत्येक हालचाल तिच्यापर्यंत येत होती. कऱ्हाडचे पाच-दहा धागे जोडले की अंक घट्ट झाला असता. मग डॉक्टर जिंकले काय, हरले काय, तिच्याकडे पान हललं नसतं.

तिने सूचना बंद केल्या.

अंक ४.२६, शंका ०.६०

हलला नाही.

अंक ४.२६, शंका ०.६१

हलला नाही.

अंक ४.२६, शंका ०.६२

फेब्रुवारी सरत आला तरी अंक हलेना. शंका तेवढी वाढत होती. तिने दोनदा फोन बंद करून चालू केला. खांबावरचा डोळा पुसला, त्याचा याच्याशी काही संबंध नाही हे माहीत असून. शेवटी तिने पुण्याला फोन लावला. डॉक्टरांना नाही, रुबिनाला.

"मावशी? किती दिवसांनी," रुबिना म्हणाली. "सगळं ठीक?"

"ठीक आहे गं. सहज. डॉक्टर कसे आहेत?"

"अब्बांचा गुडघा. चालतायत आता काठीशिवाय. देऊ का त्यांना?"

"झोपले असतील."

"दुपारचे बारा वाजलेत, मावशी."

"नको. सांगू नकोस मी विचारलं म्हणून. उगाच काळजी करतील."

मार्चमध्ये अंक हलला. खाली. मग पुन्हा खाली. डॉक्टर खेळत होते आणि हरत होते. यंत्र मागे जाऊन मांडत होतं : तेव्हाही हे फार चांगले नसावेत, आणि ती बाईही. हेमांगी भिंतीशी रोज खेळत होती, तिचा बॅकहँड इतका चांगला कधीच नव्हता, आणि ती रोज थोडी थोडी उतरत होती. तिला त्याचं वाईट वाटलं नाही. एकाच घरात दोघांना सर्दी व्हावी तसं वाटलं.

अंक ४.०७, शंका ०.७४

*तुमचा शेवटचा धागा या रविवारी गळेल. त्यानंतर तुम्ही बेट असाल. धागा टिकवण्यासाठी डॉ. इ. मुकादम यांच्याशी एक मॅच पूर्ण करा.*

तीच सूचना तिकडेही गेली असणार, कारण संध्याकाळी डॉक्टरांचा फोन आला.

"रविवारी येतो," ते म्हणाले. "कोर्ट आहे का?"

"आहे."

"सारवलंय?"

"सारवते."

एकटीने रोलर ओढायला फार वेळ लागला. तिने दोरी लावून रेघा मारल्या. मग थोडा विचार करून एका बाजूची रेघ पुसली आणि हातानेच पुन्हा मारली, जराशी वाकडी.

रविवार

रुबिनाची गाडी आपली आपण घाट चढून आली. आतून डॉक्टर उतरले. केस सगळे पांढरे झाले होते, आणि उतरताना आधी डावा पाय बाहेर आला, मग थोड्या वेळाने उजवा.

"तुम्ही बारीक झालात," ते म्हणाले.

"तुम्ही नाही झालात."

"पुण्याची हवा."

खांबावरची चिकटपट्टी दोन पावसाळ्यांत कधीच गळून गेली होती. उघड्या दिव्याकडे दोघांनी पाहिलं.

खेळायला लागल्यावर पहिला थोडा वेळ दोघंही चुकत होते. मग जमलं. डॉक्टर धावू शकत नव्हते, पण चेंडू कुठे पडणार ते त्यांना आधी कळायचं. हेमांगीकडून चेंडू एका विशिष्ट उंचीवरून, एका विशिष्ट वेगाने, न थकता परत येत होता.

"भिंतीसारखं खेळता हो तुम्ही आता," डॉक्टर धापा टाकत म्हणाले.

"भिंतीला कोणी सोडून जात नाही, म्हणून ती तशी खेळते."

हे तिला म्हणायचं नव्हतं. डॉक्टरांनी ऐकलं नाही असं दाखवलं आणि चेंडू दोनदा आपटून सर्व्हिस केली.

चार-चार झाले. हेमांगीचा हिशेब पक्का होता. कोण जिंकतं याच्याशी तिला कर्तव्य नव्हतं. मॅच पूर्ण व्हायला हवी होती, म्हणजे पाच-पाच व्हायला नको होते. डॉक्टर घाट उतरून जाणार, तो एक धागा तेवढा मागे राहायला हवा होता. तो राहिला तर आणखी दोन वर्षं तिला रोज सकाळी कळत राहणार होतं.

तिने आपल्या सर्व्हिसचा गेम झटपट घालवला. दोन चेंडू नेटमध्ये, एक बाहेर, एक डॉक्टरांच्या हातात. खांबावरचा दिवा पिवळा झाला.

"दिवा," डॉक्टर म्हणाले.

"बिघडलाय," हेमांगी म्हणाली. "पाच-चार. तुमची सर्व्हिस. संपवा."

डॉक्टरांनी सर्व्हिस केली. नेट. दुसरी. नेट. दिवा पिवळा.

पुढची सर्व्हिस बरी पडली. हेमांगीने ती शांतपणे बाहेर मारली. दिवा पिवळा.

मग डॉक्टरांची डबल फॉल्ट. मग तिचा नेटमध्ये. त्यांची डबल फॉल्ट. तिचा बाहेर. ड्यूस झाला, म्हणजे बरोबरी; आता लागोपाठ दोन गुण घेईल त्याचा गेम. डॉक्टर एक गुण गमवायचे, मागोमाग ती एक गमवायची, पुन्हा ड्यूस. दिवा आता विझतच नव्हता. कुंपणावर एक वांदरीण पिल्लाला पोटाशी धरून बसली होती. तिने थोडा वेळ पाहिलं आणि तोंड फिरवलं.

"डॉक्टर, सर्व्हिस नीट टाका."

"तुम्ही नीट परत मारा."

"माझा बॅकहँड गेलाय."

"मघाशी तर होता."

हेमांगी नेटपाशी आली. "हा गेम तुम्ही घेतला की मॅच पूर्ण होते. धागा राहतो. कळतंय ना तुम्हाला?"

"कळतंय." डॉक्टरही नेटपाशी आले, पट्टीवर दोन्ही हात टेकून उभे राहिले. गुडघ्याला विसावा. "मी धाग्यासाठी नाही आलो, हेमांगीबाई. धागा गळायच्या आत यावं म्हणून आलो. तिथे मला रोज बरोबरीचा माणूस मिळतो. सहा-चार, सात-पाच, हात मिळवला, घरी. पाच-पाचला कोणी थांबत नाही. एकदा मी थांबलो. सवयीने. रॅकेट ठेवून बाकाकडे निघालो. समोरचा धावत आला आणि म्हणाला, काका, छातीत दुखतंय का?"

हेमांगी हसली नाही. "तुम्ही जिंकलात की माझा हलतो," ती म्हणाली.

"काय हलतो?"

"अंक. तुम्ही तिथे खेळलात की इथे माझा हलतो. वर, खाली. मला रोज कळतं. फेब्रुवारीत महिनाभर हलला नव्हता."

 डॉक्टरांना हे ठाऊक नव्हतं. त्यांचा अंक पुण्यातल्या पन्नास धाग्यांनी घट्ट बांधलेला होता, आणि इकडची बाई तर भिंतीशिवाय कोणाशी खेळत नव्हती. इकडून तिकडे काहीच जात नव्हतं.

"म्हणून तुमचे फोन बंद झाले," ते म्हणाले.

"मला कळत होतं ना, कसे आहात ते."

"मला नव्हतं कळत."

ते एवढंच म्हणाले, तक्रारीच्या सुरात नाही. गोळी दिवसातून किती वेळा घ्यायची ते सांगावं तसं. मग वळले आणि लंगडत सर्व्हिसच्या रेघेकडे गेले. वाकड्या रेघेपाशी क्षणभर थांबले. पायाने ती चाचपली.

हेमांगी आपल्या जागी गेली. दोन वर्षं ती आरशातल्या बाईला डॉक्टरांची खुशाली सांगत होती. डॉक्टरांना कोणी काही सांगत नव्हतं.

सर्व्हिस आली, हळू, मधोमध. ती नेटमध्ये घालणं अगदी सोपं होतं. तिने बॅकहँड मारला, कोपऱ्यात, पुरा. डॉक्टर हललेही नाहीत. पुढचा चेंडूही तसाच. दिवा या वेळी लागला नाही.

"पाच-पाच," हेमांगी म्हणाली, आणि रॅकेट खाली ठेवली.

थर्मास तिने सकाळीच भरून आणला होता. दोन कपांचा. बाकावर बसून त्यांनी चहा घेतला. डॉक्टर म्हणाले साखर कमी आहे. ती म्हणाली तुम्हाला कमीच हवी. ऊन किंजळांच्या मागे गेलं, कोर्टावर झाडांच्या सावल्या आल्या, फक्कीच्या रेघा तेवढ्या पांढऱ्या राहिल्या.  मग गाडीने आपणहून दिवे लावले.

"निघतो," डॉक्टर म्हणाले.

"गुडघा शेका."

"डॉक्टर मी आहे."

गाडी वळणावर दिसेनाशी झाली. तिने कप धुतले. आज दोन.

बेट

सकाळी तोंडात ब्रश धरून तिने फोन पाहिला. अंकाच्या जागी राखाडी पट्टी होती.

ती बराच वेळ त्या पट्टीकडे बघत राहिली, हलेल म्हणून नव्हे, सवय होती म्हणून. डॉक्टर नीट पोचले का. घाट उतरताना त्यांना नेहमी मळमळायचं. आज खेळणार होते का. गुडघा सुजला असेल का. काहीच कळत नव्हतं. आरशातली बाईही गप्प होती.

तिने चूळ भरली. चहा ठेवला नाही. फोन घेऊन कोर्टावर गेली, बाकावर बसली. कालच्या पावलांचे ठसे मातीवर तसेच होते, एका बाजूचे सारखे, दुसऱ्या बाजूचे एक खोल, एक उथळ.

तिने नंबर लावला.

लाइन व्यस्त होती.

असणारच, तिला वाटलं. सकाळची वेळ. रुबिनाशी बोलत असतील, नाहीतर यंत्राने आजचा माणूस शोधून दिला असेल. तिने थोडं थांबून पुन्हा लावला. व्यस्त. पुन्हा. व्यस्त. इतक्या सकाळी इतका वेळ डॉक्टर कोणाशी बोलत होते? फोनवर ते कधी लांबण लावत नसत.

चौथ्यांदा नंबर लावताना तिचा अंगठा मध्येच थांबला.

दोन माणसं एकाच वेळी एकमेकांना फोन लावत राहिली तर दोघांनाही लाइन व्यस्तच मिळते. कितीही वेळा लावला तरी. दोघांपैकी कोणाला तरी थांबावं लागतं.

किंवा तसं नसेलही. डॉक्टर खरोखरच दुसऱ्या कोणाशी बोलत असतील. सांगायला आता अंक नव्हता.

हेमांगीने फोन बाकावर ठेवला, जिथे काल थर्मास होता तिथे. हात मांडीवर घेतले.

ती थांबली.